हौद चौकातल्या बाई

बाई सगळ्या गावाला अरे-तुरे करायच्या. ठाणेदार, नगराध्यक्ष, सराफ, देवळातले महाराज, कुणालाच सवलत नव्हती. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली कवायत करून मोठं झालेलं आणि उरलेलं अर्धं त्या अर्ध्याची पोरंबाळं, म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही. 'तुम्ही' हा शब्द त्यांनी फक्त रागासाठी राखून ठेवला होता. बाई एखाद्याला 'तुम्ही' म्हणाल्या की आजूबाजूचे लोक हळूच काढता पाय घ्यायचे.

मला त्यांनी पहिल्या दिवशी 'सुटकेस' अशी हाक मारली. घाटाखालच्या त्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी दुसरबीडचा, म्हणजे पार घाटावरचा. एसटीतून उतरलो, चौक ओलांडायला पाऊल टाकलं, तोच वरून कर्कश शिट्टी वाजली.

"ए सुटकेस! थांब तिथंच! मांगून संत्रा येऊन राह्यला!"

मी जागीच थिजलो. संत्र्यांनी भरलेला टेम्पो माझ्या बाहीला घासून निघून गेला. वर पाहिलं तर एका दुमजली घराच्या गॅलरीत एक उंच, काटक बाई उभ्या होत्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी.

"आता ये. सरळ ये. पळू नको, पळणारा माणूस गाडीवाल्याले दिसत नाही."

मी सरळ गेलो आणि त्याच घराच्या दारात पोचलो, कारण ऑफिसातल्या शिपायानं खोलीसाठी जो पत्ता दिला होता तो तोच होता. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, उलटीकडून नाही, कारण त्यांचं लक्ष आधी पायांकडे जायचं. "सपाट पाय हायेत तुहे," त्या म्हणाल्या, "सकाळी टाचा उचलत जाय." मग गच्चीवरच्या खोलीची किल्ली दिली. घर दाखवणं, अटी सांगणं वगैरे काही झालं नाही. पुढं रोज ऑफिसला निघताना त्या मला विचारायच्या, टाचा उचलल्या का? मी उचलायचो. काही दिवसांनी कंबरेचं दुखणं गेलं, हेही खरं.

हौद चौक म्हणजे चार रस्त्यांची मारामारी होती. एक रस्ता नांदुऱ्याला रेल्वे धरायला जाणारा, दुसरा सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोदकडे, तिसरा बाजार समितीकडे आणि चौथा जुन्या गावात शिरणारा. हे चारही रस्ते बैलगाडीच्या मापाचे. त्यात कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर, वर्षभर एसटी, काळीपिवळी, ऑटो आणि आठवडी बाजारच्या दिवशी हे सगळं एकदम. हौद मात्र कुठं दिसायचा नाही. मी आल्यावर विचारलं, तर लोक म्हणाले, हौद कुठला साहेब, नावच आहे नुसतं.

बाई शाळेतून खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, असं गावात सांगतात. खालच्या गाड्यांची खेचाखेच पाहून त्यांना राहवलं नाही. गाड्यांना त्या मालावरून हाक मारायच्या. "ए कापूस, मागं घे!" "ए तुरी, जरा डावीकडं!" लग्नाची गाडी आली की "ए वऱ्हाड, मुहूर्त निघून जाईन, पण आधी त्या बुढ्याले जाऊ दे!" चौकात एक वाहतूक पोलीस असायचा. तोही त्यांचा विद्यार्थी. हात दाखवण्याआधी तो एकदा वर बघायचा. बाईंनी मान हलवली की त्याचा हात सुटायचा.

जेवण त्या उभ्यानंच करायच्या, ताट गॅलरीच्या कठड्यावर ठेवून. भाकरी, ठेचा, कांदा आणि मधेच शिट्टी. लग्न केलं नव्हतं. एकदा धीर करून मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "सवड नाही भेटली." त्यांचा सगळ्या रोगांवर, भांडणांवर आणि राजकारणावर एकच सिद्धांत होता: माणूस वळताना चुकतो. "सरळ जाणारा कोणाले धडकत नाही रे. वळणारा धडकते. वळणाऱ्यानं आधी मागं पाह्यलं पाह्यजे." शेजारच्या मास्तरांनी निवडणुकीत पक्ष बदलला तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं आणि मास्तरांनी खरोखर मागं वळून पाहिलं.

गंमत म्हणून हे सगळं ठीक होतं, पण त्या चौकाची खरी ओळख मला एका बाजारच्या दुपारी झाली. कापसाचा ट्रॅक्टर आणि एसटी समोरासमोर अडकले होते. मधल्या फटीत एक ऑटो, ऑटोत अडलेली बाळंतीण आणि तिची सासू. सासू रडत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पुढं जायला जागा नव्हती आणि मागं फिरायलाही. बाईंनी आधी शिट्टी वाजवली. उपयोग झाला नाही. मग त्या स्वतः चौकात उतरल्या, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी हमालांना, पानवाल्याला, मला, दिसेल त्याला गोळा केलं.

"चाकाजवळ धरा. मी तीन म्हणलं का उचला. झटका देऊ नका, आत दोन जीव हायेत!"

आणि आम्ही तो ऑटो बाळंतिणीसकट उचलला. बाईंच्या घरापुढच्या ओट्यावर चढवला, ओट्यावरून पलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर उतरवला. ऑटो दवाखान्याकडे पळाला. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. पेढे आले तेव्हा बाईंनी पेढा घेतला, पण चेहरा गंभीरच होता.

"इंजिनेर, दरवेळी ऑटो उचलाले माणसं भेटन का? चौक मोठा केला पाह्यजे."

त्या दिवसापासून हा त्यांचा ध्यास झाला. नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला त्या जायच्या, प्रेक्षकांच्या बाकावर बसायच्या आणि विषय कुठलाही असो, शेवटी उभ्या राहून म्हणायच्या, "चौकाचं काय?" एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि चौकाचं काम मंजूर झालं. रुंदीकरण, मधे गोल, गटारं, फूटपाथ. मोजणीचं आणि आखणीचं काम माझ्याकडे आलं.

मी मोजलं, पुन्हा मोजलं. रेघ समोरच्या बाजूला कापडवाल्या शेठच्या दुकानाच्या दर्शनी भागातून जात होती आणि अलीकडे बाईंच्या ओट्यातून, जिन्यातून आणि गॅलरीतून. भिंतीवर लाल रंगानं खूण करायला माणूस गेला तेव्हा मी सोबत होतो. बाई दारात आल्या. खूण पाहिली. वर गॅलरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुम्ही आखली का ही रेघ?"

मी "हो" म्हणालो. त्या आत गेल्या. त्यानंतर काही दिवस गॅलरीतून शिट्टी ऐकू आली नाही. खालचा पोलीस सवयीनं वर बघायचा आणि गोंधळायचा. माझ्या टाचांची चौकशीही बंद झाली.

त्या घराची गोष्ट मला त्यांच्या भाच्यानं सांगितली. चौकात पूर्वी विहीर आणि तिच्या काठाला दगडी हौद होता. जिनिंगच्या कारखान्यात कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांचे बैल तिथं पाणी प्यायचे. बैल प्यायचे, पण बाईंच्या आजीला हात लावायची मनाई होती. ती घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर ओतलं. बाईंचे वडील त्याच जिनिंगमध्ये हमाली करायचे. पुढं घरानं बुद्ध धम्म घेतला, मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि तिनं पगारातून पहिली मोठी गोष्ट घेतली ती हे घर. भर चौकातलं. विकणाऱ्यानं गावाबाहेरचा मोकळा प्लॉट सुचवला होता. बाई म्हणाल्या होत्या, "मले चौकच पाह्यजे. वरच्या मजल्यावरून दिसन असा." गॅलरी त्यांनी स्वतः बांधून घेतली होती. वडील म्हातारपणी तिथं खुर्ची टाकून बसायचे. खालून जाणारे जुने मालक मान वर करून त्यांना रामराम घालायचे.

हे ऐकल्यावर मला ती लाल खूण बघवेना. पण रेघ होती तिथंच होती.

एका संध्याकाळी कापडवाले शेठ बाईंकडे आले. मी गच्चीच्या जिन्यावर होतो, बाईंनी मलाही बोलावून बसवलं. शेठ गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "बाई, तुमचं जाते, माहं जाते. रेघ इथं थोडी वाकवली, अशी, तर तुमची गॅलरीबी राह्यते अन् माहं दुकानबी. दोघं मिळून हरकत घेऊ. तुमचा शब्द कोण मोडन?"

बाईंनी चहा दिला. "वाकवली तर बस फिरन का?" त्यांनी मला विचारलं.

"मोठी बस एका दमात फिरणार नाही," मी म्हणालो.

"हे कागदावरचं झालं," शेठ म्हणाले.

"हाव, कागदावरचं झालं," बाई म्हणाल्या. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्या उठल्या. "शेठ, रविवारी सकाळी ये. मी जमिनीवर पाहीन."

रविवारी उजाडता उजाडता बाई चौकात होत्या. शाळेतून त्यांनी फक्कीचं पोतं मागवलं होतं, खो-खोचं मैदान आखतात ती पांढरी भुकटी. दोरी ताणून, मुठीतून फक्की सोडत त्यांनी दोन रेघा मारल्या. एक माझी, सरळ. एक शेठची, वाकडी. इतकी देखणी आखणी मी ऑफिसात कधी पाहिली नव्हती. दुकानं अजून उघडायची होती. हळूहळू चहावाले, भाजीवाले, फिरायला निघालेले लोक जमले. शेठही आले. पण सरळ रेघ भिंतींना जाऊन अडत होती, तोडायची दुकानं आणि ओटे अजून उभेच होते, म्हणून बाईंनी बाजार समितीच्या मोकळ्या पटांगणात जसंच्या तसं चौकाचं दुसरं मैदान आखलं आणि सगळी वरात तिकडं नेली. जळगाव जामोदला जाणाऱ्या पहिल्या एसटीचा ड्रायव्हर त्यांचा विद्यार्थी. गाडी अजून रिकामी होती, ती त्यानं पटांगणात आणली.

"घे रे, या वाकड्या रेघेच्या आतून फिरव."

त्यानं फिरवली. पुढची चाकं आत राहिली, मागचं चाक फक्की तुडवत बाहेर गेलं. त्यानं मागं घेतली, पुन्हा फिरवली, पुन्हा मागं. लोक हसायला लागले. "हसू नका," बाई ओरडल्या, "त्याले पुरा चान्स द्या." त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, नाही होत."

"आता सरळवाल्यातून."

गाडी एका दमात फिरली. बाई मागच्या चाकाच्या खुणेजवळ गेल्या. वाकल्या. जिथं त्यांची गॅलरी यायची तिथं फक्कीवर टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती. त्या ती बघत राहिल्या.

मग त्यांनी हात झटकले. "शेठ, तुहं दुकान जाईन अन् माही गॅलरी जाईन. बस फिरली पाह्यजे." आणि माझ्याकडे वळून, "बरोबर हाये तुही रेघ. चाल, चहा घेऊ."

'तुही' म्हणाल्या. त्या एका शब्दानं मला केवढं हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

तोडायचं काम सुरू झालं तेव्हा बाईंनी हट्ट धरला की पहिला घाव त्यांच्या घरावर पडला पाहिजे, म्हणजे नंतर कुणी तोंड वर करायला नको. आदल्या दिवशी त्यांनी गॅलरीचा कठडा पाण्यानं धुतला. मी विचारलं, उद्या तोडायचंय, धुता कशाला? "पाहुणा जायच्या वक्ताले आपण त्याले आंघोळीचं पाणी देतो ना?" सकाळी रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून त्या बसल्या. गॅलरी खाली आली तेव्हा त्यांनी एकदाच डोळे मिटले. धूळ बसल्यावर उठल्या, कामगारांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "जिना नीट बांधा बे. मी रोज चढतो." दुपारपर्यंत शेठनं स्वतःहून दुकानाची पाटी उतरवून घेतली होती.

खोदकामात आणखी एक गोष्ट घडली. गोलाच्या जागेजवळ मोठ्या फरशा लागल्या, त्यांच्याखाली ती जुनी विहीर निघाली. कधीतरी झाकून टाकलेली, पण आत पाणी होतं. बाजूला हौदाचे घडीव दगड. बघायला गाव लोटलं. कुणी म्हणालं बुजवा, कुणी म्हणालं जपा. बाई आल्या, गर्दी बाजूला झाली. कामगारानं बादलीभर पाणी काढलं होतं. बाईंनी ओंजळ पुढं केली.

"बाई, तपासलेलं नाही अजून," मी म्हणालो.

"माही आजी सारी जिंदगी याच्यापायी उभी राह्यली," त्या म्हणाल्या. "एक घोट घेऊ दे."

त्यांनी घोट घेतला आणि लगेच थुंकला. "खारं!" घाटाखालच्या त्या भागातलं जमिनीखालचं पाणी खारं, हे सगळ्यांना ठाऊक, पण बाईंना जणू त्या क्षणीच कळलं. "अरे बाप्पा, खारं हाये! ह्या पाण्यासाठी हटकत व्हते का तिले?" आणि त्या हसायला लागल्या. हौदाच्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आधी लोक बावरले, मग एक म्हातारी हसली आणि मग सगळेच. हसता हसता काही जणांनी माना खाली घातल्या, हेही मी पाहिलं. विहिरीवर जाळी बसवली, हौदाचे दगड फूटपाथच्या कडेला मांडले. आता त्यावर भाजीवाल्या बायका टेकतात.

चौक झाला. ट्रॅक्टर गोलाला वळसा घालून निमूट जायला लागले. एसटी एका दमात फिरू लागली. शेठचं दुकान लहान झालं, पण समोर गाड्या लावायला जागा झाल्यामुळे गिऱ्हाईक वाढलं. त्यांनी ते कधी कबूल केलं नाही, फक्त दिवाळीला बाईंना साडी पाठवली. बाईंनी ती नेसली.

मला वाटलं होतं, बाईंना आता करमणार नाही. शिट्टीला काम उरलं नव्हतं. पण त्यांना नवाच उद्योग सापडला. पहाटे चौक मोकळा असतो, रस्ता गुळगुळीत, मधे गोल. त्यांनी गल्लीतल्या बायकांना स्कूटी शिकवायला सुरुवात केली. अंगणवाडीच्या मॅडमची स्कूटी, शिकणाऱ्या सात-आठ जणी आणि शिकवणाऱ्या बाई, ज्यांना स्वतःला सायकलही येत नव्हती. "मले येत नाही," त्या उघड सांगायच्या, "पण शिकवता येते." आणि खरोखर शिकवायच्या. हातवारे करत, मागून धावत, "नजर समोर! चाकाकडं पाहू नको, चाक कुठी पळून नाही जात!"

त्याच सुमारास माझं लग्न झालं. बायको चिखलीकडची, घरात धिटाईनं बोलणारी पण रस्त्याला घाबरणारी. लहानपणी सायकलवरून पडून हात मोडला होता, तेव्हापासून तिनं कुठल्याच दुचाकीला हात लावला नव्हता. बाईंनी तिला तिसऱ्या दिवशीच चौकात उतरवलं. ती रडली, रुसली, एकदा गटाराच्या कडेला जाऊन धडकली. मी म्हणालो, नको शिकू. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप गच्चीवर गेलो.

आणि एका सकाळी मी खाली उभा असताना ती एकटी गोलाला वळसे घालायला लागली. एक वळसा, दुसरा. ओढणी कमरेला बांधलेली, चेहरा घामेजलेला, ओठ घट्ट. पुढच्या वळशाला ती वळलीच नाही. स्कूटी सरळ जळगाव जामोदच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

मी धावलो. बाईंनी माझा दंड धरला. त्या वयातही त्यांच्या हातात केवढी ताकद होती!

"कुठी चालला?"

"अहो, ती गेली की! ब्रेक नसेल लागत!"

"ब्रेक लागते. म्या सकाळीच पाह्यला." त्यांनी मला हौदाच्या दगडाशेजारी उभं केलं. "जाऊ दे तिले. रस्ता कशाले केला तुम्ही लोकायनं?"

ते 'तुम्ही' रागाचं नव्हतं. मी उभा राहिलो. चहावाल्यानं दुकान उघडलं, पहिली एसटी गोलाला वळून गेली, दूधवाले आले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाई मात्र शांतपणे उजेड वाढताना बघत होत्या, कॅनव्हासच्या बुटातल्या टाचा उचलत, टेकवत.

शेवटी ती आली. लांबूनच दिसली, त्याच रस्त्यानं, वारा लागून लाल झालेल्या चेहऱ्यावर हसू. पुढच्या टोपलीत वाटेतल्या कुठल्यातरी मळ्यातून घेतलेली मेथीची जुडी होती. पुलापर्यंत जाऊन आले, ती म्हणाली, आणि तिनं मनगटानं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले.

बाई पुढं झाल्या. आता पाठीवर हात ठेवतील असं आम्हाला दोघांनाही वाटलं.

"वळताना इंडिकेटर काऊन नाही दिला बे?" बाई म्हणाल्या. "जाय. परत वळून ये."

ती पुन्हा गेली.